बंद पडून पुन्हा सुरू झालेले हृदय : घरी आल्यानंतरची देखरेख



आपल्या स्मरणिकेत आरोग्यावरचा एखादा तरी लेख असावा असा मंडळाचा आग्रह असतो. मधुमेह, क्षयरोग, रक्तदाब हे विषय पूर्वी होऊन गेले आहेत. या वेळी मी जो विषय घेतला आहे त्याचे रुग्ण आपल्या वस्तीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. परंतु ज्या घरात असा एक रुग्ण असतो, त्या घराची रात्रीची झोप उडालेली असते. हृदयक्रिया एकदा पूर्णपणे बंद पडून ती पुन्हा सुरू झालेला माणूस इस्पितळातून घरी येतो, तेव्हा त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष कोणी ठेवायचे, कशाने ठेवायचे आणि किती दिवस, हा तो विषय.

प्रथमच सांगतो, मी डॉक्टर नाही. महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात ईसीजी तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. लोकांच्या छातीला तारा लावणे आणि कागदाच्या पट्ट्या फाडणे यात माझे आयुष्य गेले. औषध बदलावे की नाही, हे माझा लेख वाचून ठरवू नये. या विषयाशी माझा एक खाजगी हिशेबही शिल्लक आहे, तो पुढे येईलच.

अटॅक वेगळा, अरेस्ट वेगळा

आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘अटॅक’ म्हणतात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणे. नळ चोंदला तर पाणी येत नाही, तसा हा प्रकार. रुग्णाच्या छातीत कळ येते, घाम येतो, पण तो बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलत असतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचे पंपिंगच थांबणे. यात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, नाडी लागत नाही. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, परंतु अटॅक नसतानाही अरेस्ट होतो.

हृदय थांबते ते पुष्कळदा विजेच्या गोंधळामुळे. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथून विजेची सूक्ष्म लहर निघते, मधल्या ठाण्यावर क्षणभर थांबते आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत, म्हणजे जवनिकांमध्ये, पसरते. त्याबरोबर ठोका पडतो. जवनिकांचा एखादा भाग जुन्या अटॅकमुळे मेलेला असेल तर तेथे व्रण राहतो. विजेची लहर या व्रणाभोवती गोल गोल फिरू लागते आणि ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेच्या घरात जातात. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. ती लहर पुढे फुटून विखुरली की जवनिका नुसत्या थरथरतात, रक्त बाहेर ढकलत नाहीत. याचे नाव व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. कागदावर तेव्हा ठोका दिसतच नाही, लहान मुलाने पेन्सिल गिरवावी तशी रेघ दिसते. ही रेघ मी नोकरीत अनेकदा पाहिली. तिची सवय मात्र कधी झाली नाही. हिच्यावर विजेचा शॉक हाच उपाय आहे, आणि उशीर होईल त्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची आशा कमी होते.

अशातून जो वाचला त्याच्याबद्दल डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : हे कशामुळे झाले, आणि ते कारण दूर झाले का? मोठा अटॅक आला आणि त्याच धामधुमीत, पहिल्या दोन दिवसांत, फिब्रिलेशन झाले, तर नळी उघडल्यावर धोका बराच ओसरतो. जुलाब-उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम फार उतरले होते किंवा एखादे औषध बाधले होते, तर ते सुधारता येते. परंतु असे तात्पुरते कारण सापडले नाही तर पुन्हा तेच होण्याची शक्यता कायम राहते. घरी आल्यानंतरच्या देखरेखीचा सगळा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या गटाचा आहे.

हॉल्टर यांच्या पाठीवरचे ओझे

नेदरलँड्समधील लायडनचे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हृदयाची वीज कागदावर आणली. १९२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ही विद्या मोठी खरी, पण तिला एक मर्यादा आहे. आपण इस्पितळात जो कार्डिओग्राम काढतो तो साधारण दहा सेकंदांचा असतो. दिवसाचे असे ८६४० तुकडे होतात, आणि आपल्या हातात त्यातला एक असतो. बाकीच्या वेळात हृदय काय करते?

हा प्रश्न अमेरिकेतील माँटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर या शास्त्रज्ञाला पडला. माणूस चालता-फिरता असताना त्याच्या ठोक्यांची नोंद व्हावी असे त्यांना वाटे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जे पहिले यंत्र तयार केले ते रेडिओने संदेश पाठवणारे होते, आणि त्याचे वजन होते सुमारे ३८ किलो! ते पाठीवर बांधून त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. नंतर यंत्र लहान होत गेले. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज होल्टर तपासणी या नावाने जी डबी कमरेला किंवा गळ्यात अडकवून चोवीस तासांसाठी घरी पाठवतात ती हीच. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके तीत नोंदले जातात.

आता माझ्या हिशेबाकडे येतो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहत असत. गोदीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एके सकाळी बसस्टॉपवर ते उभ्याउभ्या कोसळले. रांगेत एक परिचारिका होती, तिने रस्त्यावरच त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. इस्पितळात शॉक दिल्यावर हृदय सुरू झाले. बारा दिवसांनी अण्णा स्वतःच्या पायांनी घरी आले. पूर्वी त्यांना एक अटॅक येऊन गेला होता. इकोमध्ये हृदयाची पंप करण्याची ताकद ३० टक्के निघाली. निरोगी माणसात ती ५५-६० च्या आसपास असते. नवीन अटॅकची खूण सापडली नव्हती. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी आयसीडी नावाचे यंत्र बसवण्याचा सल्ला लिहिला होता. खर्च काही लाखांचा. घरात चर्चा सुरू झाली.

दरम्यान मुलाने बाहेर एके ठिकाणी अण्णांची होल्टर तपासणी करून घेतली आणि रिपोर्ट घेऊन तो माझ्याकडे आला. “काका, तुमचं काम आहे हे, जरा बघा.” मी चष्मा लावून सगळी पाने पाहिली. चार-दोन जादा ठोके होते, बाकी काही नाही. मी खाली गेलो आणि म्हणालो, “अण्णा, रिपोर्ट एकदम स्वच्छ आहे.”

त्या एका वाक्यावर त्या घराने सुटकेचा श्वास सोडला. वहिनींनी मला चहा केला. यंत्राचा विषय दिवाळीनंतर बघू असे ठरले. पाच महिन्यांनी एका पहाटे वहिनींना घोरण्यासारखा आवाज आला. अण्णा झोपेत घोरताहेत असे वाटून त्या पुन्हा पडून राहिल्या. तो घोरण्याचा आवाज नव्हता. हृदय थांबल्यावर काही वेळ माणूस जे आचके देतो, त्याचा होता. शेजारी म्हणून मीच प्रथम धावलो. उशीर झाला होता.

मी खोटे बोललो नव्हतो. रिपोर्ट स्वच्छच होता. पण तो कागद कालच्या चोवीस तासांबद्दल बोलत होता, आणि घरच्यांनी तो पुढच्या वर्षाबद्दल ऐकला. मला, या धंद्यातल्या माणसाला, हे सांगता आले असते. ३० टक्के हा आकडा त्या होल्टरपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलत होता.

कागद सुधारला, रुग्ण दगावला

हाच धडा वैद्यकशास्त्रालाही महागात शिकावा लागला होता. अटॅक येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या नोंदीत जादा ठोके जास्त दिसतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक, हे माहीत होते. त्यावरून असे अनुमान काढले गेले की औषधाने ते जादा ठोके दाबले की धोका टळेल. तशी औषधेही दिली जात. मग अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या दोन औषधांनी ज्यांचे जादा ठोके दबतात अशाच रुग्णांना तीत घेतले होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, तर औषधासारखी दिसणारी नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागद सुंदर झाला होता, माणसे अधिक मेली होती. धोका लक्षात येताच १९८९ सालीच या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली होती.

म्हणून होल्टर निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. घाबरे होणे, चक्कर, छातीत फडफड यांचा ठोक्यांशी संबंध आहे का हे शोधायला ती उत्तम आहे. आता छातीला चिकटवायची पट्टीही निघाली आहे, ती चौदा दिवसांपर्यंत नोंद घेते. त्वचेखाली बसवायचा बोटाच्या पेराएवढा लूप रेकॉर्डर काही वर्षे नोंद ठेवतो. मनगटी घड्याळेसुद्धा एका तारेचा ईसीजी काढतात. यातले एकही साधन शॉक देत नाही. ते पाहते, लिहून ठेवते, फार तर निरोप धाडते. फिब्रिलेशनमध्ये निरोप पोहोचून माणूस येईपर्यंत मेंदू थांबत नाही.

पाहणारे आणि उपायही करणारे यंत्र

हा विचार ज्यांना पहिल्यांदा झपाटून गेला ते डॉ. मिशेल मिरोव्स्की. जन्म १९२४, वॉर्सा. दुसऱ्या महायुद्धात ज्यू म्हणून त्यांचे सारे कुटुंब नष्ट झाले, ते एकटे वाचले. पुढे इस्रायलमध्ये डॉक्टरी करत असताना त्यांचे गुरू आणि वरिष्ठ प्रा. हॅरी हेलर यांना वारंवार व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया होऊ लागला. आपल्या आजच्या विषयाचा पेच तेव्हा त्यांच्यासमोर होता. हेलर यांना जन्मभर इस्पितळात मॉनिटरखाली ठेवता येईना, आणि घरी सोडावे तर शॉक देणार कोण? १९६६ साली हेलर वारले. मिरोव्स्कींच्या मनाने घेतले की शॉक देणारे यंत्र रुग्णाच्या शरीरातच बसवले पाहिजे.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात डॉ. मॉर्टन मोवर यांच्या साथीने त्यांनी हे काम केले. तेव्हा शॉकचे यंत्र म्हणजे ढकलगाडीवरचे धूड. ते पोटात बसवणार म्हटल्यावर लोक हसणारच. आधुनिक शॉक यंत्राचे जनक डॉ. बर्नार्ड लाऊन यांनीही १९७२ साली या कल्पनेवर लेखी टीका केली. तरी ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले यंत्र एका स्त्री रुग्णाच्या शरीरात बसले. ती शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद होते डॉ. लेव्ही वॉटकिन्स. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी या गावी ते वाढले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. जेथून त्यांच्यापूर्वी कोणत्याही काळ्या माणसाला पदवी मिळाली नव्हती, त्या दारातून ते आत शिरले आणि पुढे हे काम त्यांच्या हातून झाले. मुलांना हे नाव आवर्जून सांगावे. अमेरिकी सरकारने १९८५ साली यंत्राला मान्यता दिली.

आयसीडी तो हाच. आता तो बहुधा डाव्या खांद्याखाली, त्वचेच्या आत बसवतात, आणि शिरेतून तार हृदयात जाते. काही रुग्णांत तार हृदयात न घालता त्वचेखालूनच नेतात. यंत्र प्रत्येक ठोका मोजते. ठरवलेल्या वेगापेक्षा ठोके जलद झाले की आधी हलके, वेगवान इशारे देऊन लय मोडण्याचा प्रयत्न करते, ते रुग्णाला बहुधा कळतही नाहीत. त्याने भागले नाही तर शॉक देते. अरेस्टमधून वाचलेले किंवा गंभीर टॅकिकार्डिया झालेले १०१६ रुग्ण घेऊन झालेली ‘एव्हिड’ चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ७५ टक्के हयात होते, मुख्यतः अमिओडेरोन या औषधावर ठेवलेल्यांपैकी ६४ टक्के. फरक लहान नाही. पण यंत्र म्हणजे अमरपट्टाही नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते.

उशाशी ठेवलेली पेटी

यंत्र बसले म्हणजे देखरेख संपली असे नाही. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षे चालते, पण शॉक अधिक पडले तर लवकर उतरते. तारेला तडा जाऊ शकतो, आणि मग यंत्राला खोटे ठोके ‘ऐकू’ येऊन ते विनाकारण शॉक देते. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, यंत्राची तपासणी करायची असते. छातीवर वाचक ठेवतात आणि यंत्रातील सगळी नोंद संगणकावर येते. किती वेळा लय बिघडली, केव्हा, यंत्राने काय केले, हे तारीख-वेळेसह दिसते. दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटांचे काम असते.

आता पुष्कळ यंत्रांबरोबर घरी ठेवायची एक छोटी पेटी मिळते, किंवा मोबाईलवरूनही ते काम होते. रुग्ण रात्री झोपला की यंत्र पेटीशी बिनतारी बोलते आणि ती माहिती मोबाईलच्या जाळ्यातून इस्पितळाकडे जाते. गावी राहणाऱ्या रुग्णाच्या मुंबई-पुण्याच्या खेपा याने वाचतात, तारेतील दोष लवकर कळतो. मात्र एक गैरसमज मी हटकून पाहिला आहे. लोकांना वाटते की पलीकडे रात्रभर कोणीतरी पडद्यासमोर बसले आहे आणि काही झाले की रुग्णवाहिका आपोआप येईल. तसे नाही. ती माहिती कामाच्या वेळेत कर्मचारी पाहतात. घरात कोणी कोसळले तर १०८ लाच फोन करावा लागतो. यंत्र घेताना ही पेटी मिळते का, आणि आलेली माहिती आपल्या इस्पितळात पाहतो कोण, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. दुसरा विचारायला लोक विसरतात.

शॉक कसा लागतो? घोड्याने छातीत लाथ मारल्यासारखा, असे रुग्ण सांगतात. एकच शॉक पडला आणि नंतर बरे वाटत असेल तर घाबरू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चोवीस तासांत दोन किंवा जास्त पडले, किंवा एका शॉकनंतरही चक्कर, धाप, छातीत दुखणे राहिले, तर थेट इस्पितळ. त्या क्षणी रुग्णाला कोणी धरले असेल तर त्याला फार तर झिणझिणी येते, इजा होत नाही. ही गोष्ट पत्नीला मुद्दाम सांगावी. त्या भीतीपोटी वेगळ्या खोलीत झोपू लागलेली माणसे मला माहीत आहेत.

घरातील बारीकसारीक

मोबाईल यंत्राच्या बाजूच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून वीतभर लांब आणि दुसऱ्या कानाला धरावा. मिक्सर, टीव्ही, पंखा यांचे भय नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट मागे उभे राहावे. वेल्डिंगचे काम करणाऱ्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावे. आपल्या समाजात वर्कशॉपमध्ये काम करणारे बरेच आहेत म्हणून लिहिले. तसेच वाहनचालकांचे. अरेस्टनंतर किंवा शॉकनंतर काही महिने गाडी चालवू नये असे सांगितले जाते, आणि बस-ट्रकसारख्या वाहनांचे नियम अधिक कडक असतात. पोटाचा प्रश्न असल्याने लोक हे लपवतात. लपवू नये, दुसऱ्या कामावर बदली मिळते का हे पाहावे. त्यासाठी इस्पितळाचा दाखला उपयोगी पडतो.

औषधे हीसुद्धा देखरेखच आहे. पंपाची ताकद वाढवणारी औषधे काही महिने नियमित घेतल्यावर इको पुन्हा करतात, कारण आकडा बदलतो. अमिओडेरोन चालू असेल तर थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या सहा महिन्यांनी कराव्या लागतात, फुप्फुसाकडेही लक्ष ठेवावे लागते. काही नेहमीची औषधे, उदाहरणार्थ ॲझिथ्रोमायसिन, काही रुग्णांत हृदयाची वीज लांबवतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडे सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. जुलाब लागले तर ‘होईल बरे’ म्हणून बसू नये, पोटॅशियम उतरते.

रुग्ण तरुण असेल आणि नळ्या स्वच्छ निघाल्या असतील तर त्याची भावंडे आणि मुले यांचाही ईसीजी व इको करावा. लाँग क्यूटी, जाड झालेला हृदयस्नायू असे काही विकार रक्ताच्या नात्यात उतरतात. घरात पूर्वी कोणी तरुणपणी झोपेत किंवा पोहताना गेले असेल तर ते ‘बाहेरची बाधा’ म्हणून दडपू नये, डॉक्टरांना सांगावे.

आणि विसरभोळेपणा, चिडचिड, एकटे राहण्याची भीती. मेंदूला काही मिनिटे रक्त मिळाले नव्हते, त्याचा हा परिणाम असू शकतो. तो ‘नाटक’ करतो असे घरच्यांनी म्हणू नये.

शेवटी घरच्या माणसांच्या हातांबद्दल. यंत्र असो वा नसो, माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वास नसेल किंवा आचके येत असतील, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागावे. खोली दोन इंच, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. आळीपाळीने दाबावे, दोन मिनिटांत चांगला माणूसही थकतो. मागे मंडळाच्या सभागृहात आम्ही हे उशीवर आणि एका उसन्या आणलेल्या पुतळ्यावर करून दाखवले, तेव्हा अण्णांच्या घरच्या वहिनीही आल्या होत्या. दोन मिनिटे दाबल्यावर त्यांना धाप लागली. त्यांनी जागा सुनेला दिली आणि आपली पाळी पुन्हा येईपर्यंत बाजूला बसून त्या मोठ्याने आकडे मोजत राहिल्या.